वरणात पाल नव्हती

४ मार्च १९८७, बुधवार

टँकर आता तीन दिवसांतून एकदाच येणार. वसतिगृहाची सिमेंटची टाकी दीड दिवसात तळाला जाते. सत्तर मुली आहेत आणि उन्हं आत्तापासूनच डोक्यावर बसली आहेत. म्हणून संस्थेचे सचिव धनसिंग नाना यांनी अभिमनदादाला निरोप पाठवला होता. दादाचं, माझ्या भावाचं, साक्रीत शेतीच्या औषधांचं दुकान आहे. त्याने आज तीन मोठे पत्र्याचे ड्रम पाठवले, फुकट. सोड्याने तीनदा धुतलेत असं कळवलं. मी मुलींना घेऊन चौथ्यांदा धुतले. रॉकेलसारखा थोडा वास राहिला आहे, उन्हात जाईल. माझ्या भावाने दिलेत हे मी मुलींना दोनदा सांगितलं. सांगावंसं वाटलं.

दुपारी नानांकडे धुळ्याहून पाहुणे आले होते. शाळेची प्रयोगशाळा दाखवताना नाना माझ्याकडे हात करून म्हणाले, ही आमची बाटल्या धुणारी. बी.एस्सी. प्राणिशास्त्र, सेकंड क्लास. शिक्षिकेची जागा निघाली की तुला घेऊ, असं गेली सहा वर्षं ऐकते आहे. तोवर बाटल्या धुते आणि खोली मिळते म्हणून वसतिगृहही सांभाळते. पाहुणे हसले. मी हसले नाही. तेवढंच केलं.

८ मार्च, रविवार

काल टँकर येऊन गेला. टाकी भरली, ड्रमही भरले. टँकरच्या पाण्यात नेहमी बारीक किडे वळवळत असतात, मुली ओढणीने गाळून पितात. आज सकाळी ड्रमांत डोकावले तर सगळे किडे तळाशी निपचित पडलेले. पाणी छान निवळलं. टाकीतल्या पाण्यात मात्र अजून वळवळ चालू आहे. मुलींना सांगितलं, उद्यापासून प्यायला ड्रममधलंच घ्यायचं.

९ मार्च, सोमवार

सगळं लिहून ठेवते, नंतर लोक काय काय म्हणतील ते आत्ताच दिसतं आहे.

सकाळी दहाची पंगत. पहिल्या पंगतीच्या मुली उठून पाऊण तास झाला असेल. दुसरी पंगत बसली होती. एवढ्यात अंगणात ओकाऱ्यांचा आवाज आला. आठवीच्या चौघी भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांच्याकडे धावते तोच आतून किंकाळी. सातवीतली सुगंधा ताटलीपासून मागे सरकली होती आणि तिच्या वरणभातावर पालीची शेपटी होती. मग एकच गोंधळ. पाल पडली, वरणात पाल पडली. ज्यांना काही होत नव्हतं त्याही घशात बोटं घालू लागल्या. जीपमधून आणि बैलगाडीतून एक्केचाळीस मुली ग्रामीण रुग्णालयात नेल्या. पाचवीतली एक लहानगी धुळ्याला हलवली आहे. बाकीच्या सलाइनवर. सगळ्या जगतील असं डॉक्टर म्हणाले.

मी शेपटी चिमट्याने उचलली आणि स्पिरिटच्या बाटलीत घातली. का ते माहीत नाही. सवयीने.

दहावीतल्या दोघींचा सोमवारचा उपास होता. त्यांनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. त्यासुद्धा ओकल्या. इतरांचं बघून झालं असणार.

१० मार्च, मंगळवार

शेवंताबाईला पोलिसांनी दोन तास बसवून ठेवलं. नंतर नानांनी तिला कामावरून थांबवलं, चौकशी होईपर्यंत. ती इथे आमच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं आहे. मी आले तेव्हा पहिल्या दिवशी माझ्या ताटात तिनेच भाकरी टाकली होती. आज दुपारी ती माझ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसली. रडत नव्हती.

"ताई, मन्ही डेगमा पाल शिजनी नही," ती म्हणाली. "झाकन मी सोता ठेयेल व्हतं."

मी म्हटलं, मला माहीत आहे. खरं तर माहीत नव्हतं. पण घरातली पाल विषारी नसते हे मला पक्कं माहीत आहे, आणि ते मी नानांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, गावातल्या कुठल्याही लेकराला विचार, काय सांगतं बघ. मी म्हटलं, मी गावाचं नाही, पुस्तकाचं सांगते. ते म्हणाले, मग बाटल्या धू.

११ मार्च, बुधवार

मुलींना होळीसाठी आधीच घरी सोडलं. दोन दिवस इथलं अन्नपाणी कुणी तोंडाला लावलंच नव्हतं, सगळं गावातून येत होतं. जाण्यापूर्वी सुगंधाला जवळ घेऊन सगळं विचारलं. कुणीच तिला काही विचारलं नव्हतं. सगळ्यांनी शेपटी पाहिली आणि पळाले.

ती म्हणाली, "बाई, ती वळवळी ऱ्हायंती. मन्ही ताटलीमा."

मी तिला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच. भातावर आपटत होती, एका बाजूने दुसऱ्या बाजूला. आणि त्याच्या आधी वरच्या तुळईवर दोन पालींची झटापट ऐकू आली होती.

मी तिथेच खाली बसले. पालीची शेपटी तुटते तेव्हा ती थोडा वेळ जिवंत असल्यासारखी उड्या मारते. तुटलेल्या तुकड्यातल्या मज्जारज्जूत तेवढी शक्ती उरलेली असते. शत्रू त्या तुकड्याकडे बघत राहतो आणि पाल निसटते, एवढ्याचसाठी तर ती शेपटी टाकते. पण तासभर उकळलेल्या वरणातून आलेली शेपटी वळवळत नाही. वळवळत होती, म्हणजे ती त्याच क्षणी वरून पडली. तुळईवरून थेट ताटात. डेगीत नाही. आणि पहिली पंगत तर त्याच्या आधीच ओकत होती.

संध्याकाळ व्हायच्या आत जेवणघरात शिडी लावली. तुळईच्या खाचेत, ट्यूबच्या पट्टीमागे ती सापडली. जिवंत, ठणठणीत, शेपटीच्या जागी सात मिलिमीटरचं थोटूक. रक्ताचा डागही नाही. तिला मोठ्या बरणीत ठेवली, तोंडाला जाळीचं कापड. आता बघतेच.

१२ मार्च, गुरुवार

प्रयोगशाळेतली दुसरी एक पाल पकडून शेपटीला चिमटा लावला. तिने क्षणात शेपटी सोडली आणि कपाटामागे गेली. मला वाईट वाटलं, पण घड्याळ हातात होतं. साडेतीन मिनिटं जोरात, मग सहा मिनिटांपर्यंत अधूनमधून झटके. त्यानंतर ती शेपटी वरणात घालून तासभर उकळली. कातडी कागदासारखी सुटून आली, आतलं पांढरं मांस उघडं पडलं. बाटलीतल्या शेपटीची कातडी मात्र शाबूत आहे, एक खवला हललेला नाही, आणि तुटलेल्या टोकाला स्नायूंच्या पाकळ्या स्वच्छ दिसतात.

कॉलेजच्या वह्या काढल्या. शेपटी दोन मणक्यांच्या सांध्यात तुटत नाही. मणक्याच्याच अंगात जन्मतः एक फट असते, तिथे ती तोडते. तोडते, म्हणजे स्वतः. तिथले स्नायू आवळले जातात, म्हणून रक्त येत नाही. सरांनी हे सांगितलं तेव्हा मी मागच्या बाकावर बसून आता लग्नाचं काय होणार याचा विचार करत होते, तरी अक्षर चांगलं आहे.

नानांना दोन्ही शेपट्या दाखवायला नेल्या. त्यांनी रुमाल नाकाला लावला.

१९ मार्च, गुरुवार

थोटकाच्या टोकाला काळसर कोंब, दोन मिलिमीटर. पट्टी बरणीच्या बाहेरून लावून मोजते. हात लावला तर उरलेलंही टाकून देईल. खाते मात्र भस्म्या रोग झाल्यासारखी. शेपटीत चरबी साठवलेली असते, ती गेली, आता भरपाई चालली आहे. रोज चार झुरळं लागतात. झुरळं धरून वेगळ्या डब्यात ठेवते, त्यांना पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा.

शेवंताबाईकडे गेले होते. बाजारपाड्यात एका लग्नाचा स्वयंपाक तिच्याकडे ठरलेला होता, त्यांनी दुसरी बाई बघितली. शेजारच्या वच्छलाबाई तिला आपल्या माठाला हात लावू देत नाहीत. नाव माझं आणि त्या बाईचं एकच, त्याची लाज वाटली. शेवंताबाईने मला चहा केला. पुढे ठेवताना म्हणाली, पिशी का? मी दोन कप प्यायले.

२२ मार्च, रविवार

उद्या मुली परत येणार. आज झाडलोट. दुपारी डब्यातली सगळी झुरळं उलटी पडलेली, पाय झाडत होती. बोळा मी सकाळी नवा भिजवला होता. एरवी गावातल्या विहिरीचं पाणी घेते, आज जवळ पडलं म्हणून ड्रममधलं घेतलं.

पुन्हा केलं. पाच झुरळं विहिरीच्या पाण्यावर, पाच ड्रमच्या. विहिरीची पाचही धावत आहेत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ड्रमचंही करून पाहिलं. तेच.

मी आठ मार्चची नोंद उघडून वाचली. पाणी छान निवळलं, असं मीच लिहिलं आहे. माझ्याच अक्षरात. उपासाच्या दोघी मुली. मुलींना मीच सांगितलं होतं ड्रममधलंच प्या म्हणून.

२३ मार्च, सोमवार

सकाळी मुली यायच्या आत तिन्ही ड्रम आडवे केले. आधी एक बाटली भरून, बूच लावून, मेणाने बंद केली. एवढं पाणी मातीत जाताना बघून रस्त्याने जाणाऱ्या बायका थांबल्या. एक म्हणाली, डोकं फिरलं का. नाना धावत आले. मी सांगितलं, ड्रममध्ये कपाशीच्या औषधाचा अंश आहे, मुली याच्यामुळे आजारी पडल्या.

त्यांनी रस्त्यावरच्या बायकांना हाताने पुढे जायला सांगितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "ड्रम तुझ्याच भावाचे आहेत, वच्छला. मागवले मी, दिले त्याने, धुतले तू. बोलायचं असेल तर बोल. मग तिघांचंही बोल."

मी बोलले नाही.

२९ मार्च, रविवार

आठ मिलिमीटर. नवा भाग करडा, गुळगुळीत.

दादाकडे गेले होते. वहिनीने पुरणपोळी वाढली, उद्या पाडवा. दादा विचारत होता, मुली बऱ्या आहेत ना, ड्रम अजून लागले तर सांग. मागच्या अंगणात रिकामे ड्रम रचलेले होते. शेतकरी पाणी भरायला घेऊन जातात. मी काही न बोलता घरी आले. बसमध्ये मनाची समजूत घातली, की पाल निर्दोष ठरली म्हणजे शेवंताबाई सुटते, मग ड्रमचं नाव कशाला काढायचं? ड्रम तर मी आडवे केलेच. आता कुणाला धोका नाही. हे अगदी बरोबर आहे.

लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. बरोबरच आहे.

८ एप्रिल, बुधवार

अठरा मिलिमीटर. चौकशीची तारीख आली, वीस एप्रिल. धुळ्याहून कुणी बेंडाळे साहेब येणार. रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, मी कागदावर विषबाधा एवढंच लिहिलं आहे, पाल मी लिहिलेली नाही, ती गावाने लिहिली. मुलींना चक्कर, लाळ, हातापायांना झटके होते. मी विचारलं, औषधाचं असू शकतं? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, कुठल्या औषधाचं? मी सहज विचारलं, असं म्हणून उठले.

इतकी भित्री मी कधी झाले.

१९ एप्रिल, रविवार

एकोणतीस मिलिमीटर. मोजमापं सगळी या वहीतून काढून एका फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवली. तारीख, लांबी, रंग. फक्त पालीचं. ड्रमचं काही नाही, झुरळांचं काही नाही. वही ट्रंकेत टाकली.

२० एप्रिल, सोमवार

वही आता माझ्याकडे नाही. हे प्रॅक्टिकलच्या जर्नलच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे.

बेंडाळे साहेब मूळचे जळगावकडचे, उंच, हळू बोलणारे. टेबलावर मी बरणी, दोन शेपट्यांच्या बाटल्या, भिंग, फुलस्केप कागद मांडला होता. शेवंताबाई दाराशी जमिनीवर बसली होती. मी खुर्ची दिली तर नको म्हणाली. सुगंधाने न घाबरता सगळं सांगितलं. साहेबांनी तिला वळवळ बोटाने करून दाखवायला लावली, तिने दाखवली. उकळलेली आणि न उकळलेली शेपटी त्यांनी भिंगाखाली पाहिली आणि मान हलवली. मला वाटलं, झालं.

मग त्यांनी बरणी उचलली.

"बाई, हिला तर शेपटी आहे."

नाना खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, हेच मी पहिल्यापासून सांगतो आहे साहेब, ही कुठलीतरी पाल धरून आणली.

मी म्हटलं, भिंग परत घ्या. मुळाशी बघा. तिथे आडवे पट्टे आहेत, बारीक दाण्यांच्या रांगा आहेत. सात मिलिमीटरनंतर एक रेघ दिसते का? रेघेपुढे ना पट्टे, ना दाणे, नुसता एकसारखा करडा रंग. तो भाग नवा आहे. त्याच्या आत मणके नाहीत, कूर्चेची एक नळी आहे फक्त. पालीला शेपटी पुन्हा उगवते, पण पहिलीसारखी कधीच होत नाही. तिला तशी जमत नाही.

साहेब बराच वेळ बघत होते. म्हणाले, रेघ दिसते. पण ही मागच्या वर्षी तुटली नसेल कशावरून?

मी फुलस्केप कागद पुढे केला. त्यांनी तो उजेडात धरला. म्हणाले, हे सगळं एका शाईने, एका बैठकीत लिहिलेलं आहे. मूळ नोंद कुठे आहे? जी त्या त्या दिवशी केली ती.

मी म्हटलं, माझी खासगी वही आहे.

ते म्हणाले, मग या कागदाला मी काही किंमत देऊ शकत नाही. रागाने नाही म्हणाले. तसं खरंच होतं.

मी खोलीकडे निघाले. अंगण ओलांडायला शंभर पावलं लागतात. ट्रंक उघडून वही काढली, बावीस मार्चचं पान उघडलं. ते पान काढता आलं असतं, दोरीच्या शिवणीची वही आहे, जोडीचं पान सुटलं असतं पण तेवढं कुणी पाहिलं नसतं. त्या पानावर पाच झुरळं, तिन्ही ड्रम, सगळं होतं. आणि पहिल्या पानावर, माझ्या भावाने दिले हे मी मुलींना दोनदा सांगितलं, ते होतं. पुढे नानांचं वाक्य होतं. मी किती घाबरले तेही होतं.

मग मला शेवंताबाईचा चहा आठवला, आणि ती ज्या आवाजात पिशी का म्हणाली तो आवाज. मी वही तशीच उचलली. कपाटातली मेण लावलेली पाण्याची बाटलीही उचलली. परत येताना पावलं मोजली नाहीत.

टेबलावर दोन्ही ठेवलं आणि म्हटलं, "साहेब, ही पूर्ण वाचा. पालीपुरती वाचू नका. आणि हे पाणी तपासायला पाठवा."

नानांनी वहीकडे हात केला होता. साहेबांनी ती त्यांच्याआधी उचलली.

२२ एप्रिल, बुधवार

बरणीतली पाल प्रयोगशाळेच्या खिडकीत सोडली. तिचं काम झालं. यापुढे कुणी धरलंच तर तिला जुन्या भागातच तोडावं लागेल, नव्या भागात तशी फट नसते. सात मिलिमीटर तेवढी उरली आहे तिच्याकडे. गेली भिंतीवरून, मागे वळून बघण्याची त्यांच्यात पद्धत नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

दादा आला. दारातच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. धुळ्याची माणसं दुकानात येऊन गेली होती. ड्रमांचे नमुने नेले.

"वच्छी, मला आधी सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं तर तू मला गप्प राहायला लावलं असतंस दादा. आणि मी राहिले असते. महिनाभर न सांगताही राहिलेच होते."

त्याने विचारलं, ती धुळ्याची लहानगी कशी आहे. घरी आली, बरी आहे, म्हटलं. तो तसाच गेला. पायऱ्या उतरताना एकदा कठड्याला धरलं त्याने. मी दाराआड जाऊन रडले, पण पश्चात्तापाने नाही. हे लिहून ठेवते कारण उद्या मीच स्वतःला उलटं सांगेन.

६ मे, बुधवार

वही रजिस्टर पोस्टाने परत आली. प्रत्येक पानाखाली साहेबांनी 'पाहिले' लिहून सही केली आहे. मोजमापांखाली लाल रेघा. इतकी भित्री मी कधी झाले, त्याखालीही 'पाहिले' आणि सही. मला हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

पाण्यात औषध सापडलं. निष्कर्षात पालीचा संबंध नाही आणि स्वयंपाकिणीचा दोष नाही असं आहे. पाणी साठवण्यात संस्थेने घोर निष्काळजीपणा केला, असंही आहे. त्यात माझंही नाव आहे, धुण्याची व वापराची देखरेख करणारी म्हणून. ते खरं आहे. शिक्षिकेची जागा आता या जन्मात मिळणार नाही असं मुख्याध्यापक हळूच सांगून गेले. मी म्हटलं, गेल्या सहा वर्षांत तरी कुठे मिळत होती?

वहिनीचा निरोप आला. दादाने दुकानामागचे सगळे रिकामे ड्रम कुऱ्हाडीने फोडले. दोन दिवस लागले. न्यायला आलेल्या शेतकऱ्यांशी भांडण झालं, तरी फोडले. माझ्याशी अजून बोलायचं नाही म्हणतो.

९ मे, शनिवार

आज शेवंताबाईला कामावर घेण्याचा दिवस. नानांनी कार्यालयात बोलावलं, मलाही. कारकुनाने कागद टाइप करून ठेवला होता. नाना म्हणाले, इथे अंगठा कर आणि जूनपासून ये.

शेवंताबाईने कागद उचलून माझ्याकडे दिला. "वाच ताई."

मी वाचलं. माझ्या हातून घडलेल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे, संस्थेने मोठ्या मनाने मला पुन्हा संधी दिली, यापुढे मी अन्न झाकून ठेवण्याची काळजी घेईन.

ती शाईच्या पॅडजवळ उभी होती. पॅड तिने एका बोटाने दूर सरकवलं.

"नाना, बावीस वरीस मी तुमना शब्द मोडा नही," ती म्हणाली. "पन हाऊ कागद खोटा शे."

नाना म्हणाले, अगं नुसती पद्धत असते, कुणी वाचत नाही. ती म्हणाली, माले वाचता येत नही, म्हनीसन तुमी लिखं. नाना म्हणाले, मग दुसरी बाई बघावी लागेल. मी म्हटलं, दुसरी सहाय्यकही बघा. मला वाटलं होतं माझा आवाज कापेल. कापला नाही.

पंखा फिरत होता. नानांनी पेन काढून पहिलं वाक्य खोडलं. शेवंताबाई हलली नाही. दुसरं खोडलं. मग तिसरं. शेवटी कागदावर एवढंच उरलं की शेवंताबाई कामावर रुजू होत आहे.

"आते लिखा," ती म्हणाली. "वरनमा पाल नव्हती. इतलंच लिखा."

नाना माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. त्यांचं वय दिसलं मला त्या क्षणी, आणि थोडी दयाही आली. ती मी बोलून दाखवली नाही. त्यांनी कारकुनाला नवा कागद लावायला सांगितला. टाइपरायटर वाजला. नऊ मार्च रोजीच्या वरणात पाल नव्हती. मुलींना झालेली बाधा पिण्याच्या पाण्यामुळे झाली. शेवंताबाई यांचा काही दोष नाही.

कारकुनाने पॅड पुन्हा तिच्यापुढे केलं.

"आंगठा मी कसाले देऊ?" शेवंताबाई म्हणाली. "सही नाना करतीन."

नानांनी सही केली. शिक्का मारायला ते स्वतः उठले.

बाहेर आल्यावर मला वाटलं ती आता घरी जाईल. ती बाजाराकडे वळली. आज गावचा आठवडे बाजार, वाट तुडुंब. माझा हात धरून म्हणाली, चल, तुले वाचता येतं. पहिल्यांदा मिरचीवालीपाशी थांबली. वाच, म्हणाली. मी वाचलं. मग भांडीवाला, मग ज्यांनी लग्नाचा स्वयंपाक काढून घेतला ते घर, मग पीठगिरणी. लोक गोळा व्हायचे, ऐकायचे, कागदावरचा शिक्का बघायचे. कुणी काही बोललं तर ती मला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावायची. चक्कीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, पाल मंग विषारी नही का? तिने माझ्याकडे बोट केलं. मी त्याला विषारी नसल्याचं सांगितलं, शेपटीचंही सांगितलं. ऐकून घेतलं त्याने. पटलं असं नाही वाटलं.

आठव्या की नवव्या ठिकाणी माझा घसा बसला. तेव्हा आम्ही तिच्या शेजारणीच्या, वच्छलाबाईंच्या, भाजीच्या पाटीपाशी होतो. त्यांनी सगळं ऐकलं. मान खाली घातली. पाटीमागून माठ पुढे ओढला, तांब्या बुडवला आणि भरून शेवंताबाईपुढे धरला.

"बस वं शेवंता. पानी पे."

शेवंताबाईने तांब्या घेतला आणि माझ्या हातात दिला. मी प्यायले. तिने स्वतः घेतलं नाही.

"आज नही," ती म्हणाली. "आज घाई शे."

आणि कागद घडी न घालता, तसाच उघडा हातात धरून ती मला पुढच्या दुकानाकडे घेऊन गेली.